टेम्पो, की आणि 'मूड : सॅड', एवढ्यात ती रात्र मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमातल्या थीम म्युझिकवर जे पान आलं होतं ते वाचलं आणि आधी मनापासून बरं वाटलं, कारण मराठी पेपरात १९५७ साली पॅरिसमध्ये रेकॉर्ड झालेल्या एका जॅझ थीमला चौकट मिळते ही रोजची गोष्ट नाहीये. अमेरिकन ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिसची 'जेनेरिक', लुई मालच्या 'एलेव्हेटर टू द गॅलोज' या फ्रेंच सिनेमाच्या टायटल्सवर वाजणारी. पण चौकटीत होतं काय, तर टेम्पोचा (म्हणजे लयीचा) एक आकडा, की (म्हणजे मूळ सूर) : डी मायनर, मूड : सॅड, आणि खाली मायल्सचं नाव. संपलं. त्याच्याबरोबर वाजवणारे चौघं कोण होते ते नाही, ते संगीत कसं तयार झालं त्याचं एक वाक्य नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी, पण विषय असा आहे की दोन ओळीत मला तरी सांगता येणार नाही.

हे आकडे कुठून येतात ते आता सगळ्यांना माहितीये. गाणं सॉफ्टवेअरला दिलं की ते ठोके मोजतं, स्वर मोजतं आणि एक आनंदी-दुःखी असा शिक्का मारून देतं. डीजे लोकांना दोन गाणी एकमेकांत मिसळायला हे फार उपयोगाचं आहे, व्यायामाला गाणी लावणाऱ्यांना पण, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या रेकॉर्डिंगमध्ये मूड हाच सगळा जीव आहे तिथे हे तीन आकडे छापून आपण वाचकाला सांगतो की झालं, एवढंच होतं त्यात. आणि तसं नाहीये.

आधी टेम्पोचं बघू. अशी सॉफ्टवेअरं संथ चीज मोजताना बरेचदा निम्मं किंवा दुप्पट सांगतात, ही त्यांची जुनी अडचण आहे, कारण ठोका ऐकू येतो तो नेमका लयीचा की दुगणीचा हे मशीनला कळेलच असं नाही. आपल्याकडे तबल्याच्या पहिल्या वर्षाच्या पोराला पण ठाय आणि दुगण यातला फरक हातावर टाळी देऊन शिकवतात. जॅझमध्ये संथ बॅलड चाललेलं असताना ड्रमवाला आतून दुप्पट चालीचा भास ठेवू शकतो आणि ट्रम्पेटवाला त्याच्या वर अगदी विलंबितात एक स्वर धरून उभा राहतो, मग त्यातला टेम्पो कुठला धरायचा? दोन्ही खरे आहेत आणि त्या दोघांच्या मधे जी जागा राहते तिथेच ऐकणारा अडकतो. 'जेनेरिक' संथ आहे हे सांगायला आकडा लागत नाही, कानाला कळतं, सांगायचंच असेल तर हे सांगा की मायल्स स्वर लावतो, सोडतो, आणि पुढचा स्वर लगेच आणत नाही. तीन मिनिटंसुद्धा पूर्ण नाहीत त्या तुकड्याला, पण घाई कुठेच नाही.

आता की. इथे मला जास्त बोलायचंय कारण मी बरीच वर्षं हार्मोनियमवर साथ करतो आणि डी मायनर म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोनचा सा. त्या रात्री बास वाजवणारा पियेर मिशेलो याने पुढे १९८८ साली सांगून ठेवलंय की मायल्सने त्यांना जवळपास काहीच दिलं नव्हतं, एक तुकडा सोडला तर दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, डी मायनर आणि सी सेव्हन, चार-चार मात्रांच्या चार-चार फेऱ्या म्हणजे जॅझवाले ज्याला चार बार म्हणतात तेवढं हे, तेवढं ते, आणि वाटेल तितका वेळ. बस. आता हे पेटीवर लावून बघा, मी लावून बघितलंय. पांढरी दोन सा धरला तर डी मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. आणि सी सेव्हन म्हणजे कोमल नी, रे, म आणि कोमल ध. एकात तीन, दुसऱ्यात चार, एकही स्वर दोन्हीत नाही, आणि दोन्ही मिळून सातही स्वर हजर. सा रे कोमल ग म प कोमल ध कोमल नी. म्हणजे काय झालं? आसावरी थाट झाला, तंतोतंत.

आता आसावरी थाट म्हटलं की आपल्या वाचकाला लगेच कळेल मी कुठे चाललोय. दरबारी कानडा हा राग या थाटातला, आणि अडाणा पण याच थाटातला. दरबारी मंद्रात रेंगाळणारा, ग आणि ध वर ते आंदोलन, रात्रीचा, सगळं वजन खाली. आणि अडाणा तार सा च्या आसपास घुटमळणारा, चपळ, अंगावर येणारा, दरबारीनंतर द्रुतात अडाणा घेतला की मैफिलीचा नूर बदलतो. वर जौनपुरी आहेच, तो सकाळचा. थाट एक, सा तोच ठेवा, मशीनला द्या, की सगळ्यांची एकच येणार. मग मूड कुठून आला? कुठला स्वर किती वेळ धरला, कुठून उचलला, कुठे सोडून दिला, आणि कुणी, यातून आला. हे आपल्याकडच्या साध्या श्रोत्याला पण ठाऊक आहे, शिकवावं लागत नाही, आणि तरी आपण पॅरिसच्या संगीताबद्दल लिहायला बसलो की हे सगळं विसरून की : डी मायनर, मूड : सॅड असं लिहितो, जणू डी मायनर म्हटलं की दुःख आलंच. मला हे खरंच पटत नाही.

त्या दोन कॉर्डमध्ये अजून एक गंमत आहे जी मला पेटीवर बसल्यावर कळली. सी सेव्हन वाजवला की कानाला पुढे एफ मेजर हवा असतो, पाश्चात्य संगीत थोडंफार ऐकलेल्या कुठल्याही कानाला ती ओढ जाणवते, सी सेव्हन म्हणजे घराच्या दारात उभं राहणं. पण इथे एफ येतच नाही. परत डी मायनर येतो. पुन्हा सी सेव्हन, पुन्हा डी मायनर. कानाला जिथे टेकायचंय तिथे टेकू देत नाहीत, प्रत्येक वेळी वाटतं आता येईल आणि येत नाही. मिशेलोने सांगितलेलं एवढं जुजबी सामान, पण त्यातच वाट बघणं आहे. आणि सिनेमात काय चाललंय? एक बाई रात्रभर वाट बघतेय.

ज्यांनी सिनेमा बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लोरान्स आणि जुलियँ यांचं प्रेम आहे, फ्लोरान्सच्या नवऱ्याचा खून करायचा असं दोघांचं ठरलंय, जुलियँ खून करतो पण ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकतो कारण शनिवारची संध्याकाळ म्हणून बिल्डिंगचा करंट बंद करून वॉचमन निघून जातो. इकडे जुलियँची गाडी एक पोरगा आणि त्याची मैत्रीण पळवतात, फ्लोरान्सला गाडी जाताना दिसते, आत दुसरी मुलगी दिसते, आणि तिला वाटतं हा मला सोडून गेला. मग ती रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर त्याला शोधत फिरते. जान मोरोने ते काम केलंय. आंरी देकाए या कॅमेरामनने तिला शाँझेलिझेवर रात्री दिवे न लावता शूट केलं, नुसता दुकानांच्या काचांमधून येणारा उजेड, आणि कॅमेरा लहान मुलांच्या बाबागाडीत ठेवून ढकलत नेला. नट्यांना तेव्हा एवढे लाइट मारायचे की चेहऱ्यावर एक रेघ दिसू नये, आणि इथे तिचा चेहरा अंधारात जातो, परत उजेडात येतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळी दिसतात.

हे दुःख आहे का? सिनेमा बघा आणि सांगा. तिला माहितीच नाहीये काय झालंय. तो पळाला, मेला, पकडला गेला, की घाबरून घरी बसला, काही कळत नाही. आपल्या अष्टनायिकांत विरहोत्कंठिता आहे ना, ठरलेल्या वेळी प्रियकर आलेला नाही आणि का आला नाही याचे शंभर तर्क करत बसलेली, ती ही. फक्त ही बसलेली नाही, चालतेय, बारमध्ये डोकावतेय, लोकांना विचारतेय, पावसात भिजतेय. शंका आहे, हट्ट आहे, थोडा अपमान आहे, आशा अजून सुटलेली नाही. हे सगळं मायल्सच्या ट्रम्पेटमध्ये ऐकू येतं आणि याला एका शब्दाचा शिक्का मारणं म्हणजे ठुमरी ऐकून बाहेर आलेल्या माणसाने 'गाणं सॅड होतं' असं सांगणं.

आता ती रात्र. ४ डिसेंबर १९५७, ल पोस्त पारिझियँ नावाचा स्टुडिओ, शाँझेलिझेवरच. म्हणजे पडद्यावर जो रस्ता दिसतोय तोच रस्ता खाली. लुई माल तेव्हा २५ वर्षांचा, आधी समुद्रसंशोधक कुस्तोबरोबर समुद्राखालची डॉक्युमेंटरी केलेली पण कथापट हा पहिलाच. मायल्स ३१ चा, पॅरिसमध्ये कार्यक्रमांसाठी आलेला. त्याने सिनेमा आधी बघून घेतला होता, हॉटेलवर पियानो मागवून घेतला होता आणि थोडंफार मनात ठरवून आला होता, पण लिहून आणलेलं संगीत असं काही नव्हतं. स्टुडिओत पडद्यावर प्रसंग लावायचे, तेच तेच पुन्हा पुन्हा फिरवायचे, आणि ते बघत बघत ही पाच माणसं वाजवायची. जान मोरो स्वतः तिथे हजर होती. रात्री उशिरा बसले आणि पहाटेपर्यंत उरकलं. सिनेमात सगळं मिळून संगीत १८ मिनिटांच्या आसपासच आहे, बाकी सगळा वेळ रस्त्याचे, पावलांचे, लिफ्टचे आवाज.

याचा अर्थ लक्षात घ्या. टेम्पो आधी ठरवून मग वाजवलं असं झालेलं नाही. मोरो पडद्यावर ज्या चालीने चालतेय, थबकतेय, मान वळवतेय त्याकडे बघून मायल्सने श्वास घेतलाय. लय तिच्याकडून आली. त्यामुळे टेम्पोचा आकडा छापताना एवढं तरी सांगायला हवं की तो एका बाईच्या चालण्यातून आलेला टेम्पो आहे, क्लिक म्हणजे यंत्राचे ठोके लावून धरलेला नाही.

आणि हीच पाच माणसं, हाच स्टुडिओ, हीच रात्र, 'सुर लोतोरुत' म्हणजे हायवेवरच्या प्रसंगाचा तुकडा ऐका. तुफान वेगात. मिशेलोने जो एक अपवाद सांगितला तो हाच, 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर बांधलेला. म्हणजे मूळ सांगाडा एका आनंदी, नाचऱ्या गाण्याचा, मोजणाऱ्या मशीनने बहुतेक 'एनर्जेटिक' असा शिक्का मारला असता, पण सिनेमात तो चोरलेल्या गाडीवर वाजतो आणि ऐकताना पोटात गोळा येतो की ही पोरं कुठेतरी आपटणार. वॉचमन फेरी मारतो तिथे तर नुसता बास आणि ड्रम, बाकी सगळे गप्प.

अजून एक गोष्ट चौकटीत यायला हवी होती ती म्हणजे एको. तेव्हाच्या रेकॉर्डवर जे 'जेनेरिक' लोकांनी ऐकलं त्याच्यावर नंतर भरपूर एको चढवलेला आहे, ट्रम्पेट जणू रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूच्या इमारतींवर आपटून परत येतंय. १९८८ च्या सीडीवर एको नसलेले मूळ टेक, म्हणजे त्या रात्रीची रेकॉर्डिंग, पण दिलेत, आता ऑनलाइन सगळं सापडतं. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून बघा. कोरड्या टेकमध्ये मायल्स अगदी कानाशी येतो, ओठांचा, श्वासाचा आवाज कळतो, एक माणूस खोलीत वाजवतोय. एकोवाल्यात तोच माणूस लांब कुठेतरी चौकात उभा आहे असं वाटतं. स्वर तेच, लय तीच, आणि मूड बदलला, कारण ज्याने एकोचं बटन फिरवलं त्याचाही त्यात हात आहे. मला स्वतःला कोरडा टेक जास्त आवडतो, पण सिनेमाला एकोवालाच बसतो हे मान्य करावं लागेल.

आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी मायल्सचंच अजून एक उदाहरण देतो. १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू', जगात सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या जॅझ रेकॉर्डपैकी एक. त्याच्या पहिल्या बाजूचे तीनही तुकडे ज्या टेपवर घेतले ते मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे रेकॉर्ड वाजवली की सगळं किंचित वेगात आणि किंचित वरच्या सुरात वाजायचं. तीसेक वर्षं जगाने तेच ऐकलं, त्यावर पुस्तकं लिहिली, शेकडो वाजवणाऱ्यांनी रेकॉर्डबरोबर रियाज करताना आपली वाद्यं त्या चढ्या सुराला जुळवून घेतली, आणि १९९० नंतरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं. म्हणजे टेम्पो पण चुकीचा, सूर पण चुकीचा. आणि 'सो व्हॉट' ऐकून लोकांना जे होत होतं ते होतच होतं. त्या 'सो व्हॉट' मध्ये पण डी वरचाच एक स्वरसमूह सोळा बार, मग अर्धा सूर वर आठ बार, मग परत खाली, एवढाच मामला. कमीत कमी कॉर्ड, जास्तीत जास्त मोकळी जागा. पॅरिसच्या त्या रात्रीचा धागा तिथपर्यंत जातो असं बऱ्याच जाणकारांना वाटतं आणि मला पण वाटतं, फक्त त्या एका रात्रीलाच सगळं श्रेय द्यायला नको, मायल्स बरंच आधीपासून कॉर्डच्या गर्दीला कंटाळलेला होता.

आता माझी खरी तक्रार. नावं. टेनर सॅक्सोफोन बार्नी विलेन, वय २०. पियानो रने उर्त्रेजे, वय २३. बास पियेर मिशेलो, २९. हे तिघं फ्रान्सचे. ड्रम केनी क्लार्क, ४३ वर्षांचा, अमेरिकेतून येऊन पॅरिसमध्ये स्थायिक झालेला, आणि बीबॉप या वेगवान जॅझ शैलीचं ड्रमिंग ज्यांनी घडवलं त्यातलं पहिलं नाव. तालाचा भार बास ड्रमवरून उचलून झांजेवर नेला तो याने. विशीतली पोरं, हातात कागद नाही, समोर मायल्स डेव्हिस, पडद्यावर सिनेमा फिरतोय आणि वाजवायचंय फक्त दोन कॉर्डवर. यात सगळ्यात अवघड काय असतं ते साथ करणाऱ्याला विचारा. न वाजवणं. गायक एका स्वरावर थांबलाय आणि तुमचे हात शिवशिवतायत, तिथे गप्प राहायला जी ताकद लागते ती तान मारायला लागत नाही. उर्त्रेजेचा पियानो त्या अंगाने ऐका, किती कमी आणि किती वेळेवर. ही माणसं नसती तर मायल्सला ती जागा मिळालीच नसती, आणि आपण त्यांचं नावसुद्धा लिहीत नाही.

हे मला लागतं याचं कारण आपल्या मुंबईत हेच झालंय. चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ज्या स्विंगवर लोक वेडे झाले त्यात त्यांचा वाटा मोठा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, हे गोव्याचे लोक रात्री हॉटेलांत जॅझ आणि सकाळी स्टुडिओत सिनेमा करायचे, पन्नास-पन्नास वादकांचे स्वरलिपीचे कागद लिहायचे, आणि रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं आणि गायकाचं. पुढे काही लोकांनी चिकाटीने त्यांच्या मुलाखती घेतल्या, घरोघरी जाऊन माहिती जमवली म्हणून आज थोडं तरी कळतं, तोवर त्यातले कितीतरी वादक गेले होते, कुठल्या गाण्यात कुणाचा ट्रम्पेट आहे ते सांगायला माणूस उरला नाही. पॅरिसच्या त्या पाचही जणांची नावं मात्र छापील आहेत, शोधायला दोन मिनिटं लागतात. ती उपलब्ध असताना गाळायची आणि त्या जागी मशीनचा शिक्का छापायचा हे मला बघवलं नाही.

म्हणून विनंती दोनच. पुढच्या रविवारी त्या चौघांची नावं, वाद्यांसकट, चौकटीत द्या. आणि ही मालिका पुढे चालणार असेल तर आकड्यांच्या जागेत कुणी वाजवलं, कसं आणि कुठे रेकॉर्ड झालं, आणि ऐकताना कान कुठे लावायचा, एवढं येऊ द्या. टेम्पो आणि की लिहायचीच असेल तर आपल्या शब्दांत लिहा की, पांढरी दोन, विलंबित, वाचकाला पटकन कळेल, घरात पेटी असेल तर तो लावून पण बघेल. जागा कमी असते हे मला समजतं, पण 'मूड : सॅड' च्या जागेत 'ड्रम : केनी क्लार्क' सहज बसतं.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज